मूकपटाचा साउंडवाला

आमच्या देवळाच्या उत्सवात मूकपट दाखवायचं ठरलं, तेव्हा मूकपटाला साउंडवाला कशाला, असा प्रश्न गावात एकालाही पडला नाही. साउंडवाल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. बारशाला साउंड लागतो, सत्यनारायणाला लागतो, निवडणुकीला तर लागतोच. एकदा एका घरच्या तेराव्याला, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून कोणीतरी माइक मागवला होता, आणि चार शब्द बोलणाऱ्याने पुढे तासभर माइक सोडला नव्हता.

गावात साउंडवाला एकच, आणि माझं त्याच्यावर मन बसलेलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे उद्योग केले ते कलेच्या सेवेसाठी केले, असा कोणाचा गैरसमज नको.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीवरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. खाली मासेमारीवाल्यांची वस्ती, वर कातळ फोडून लावलेली हापूसची कलमं. त्यातली बरीच कलमं आमची. वडील बागायतदार, देवळाचे मानकरी आणि गावच्या नाट्यमंडळाचे कायमचे राजे. म्हणजे नाटक कुठलंही असो, त्यात राजा, सरदार, कारखानदार, निदान जो कोणी खुर्चीत बसून इतरांवर ओरडतो तो, वडील करायचे. तालमीची त्यांना फारशी गरज पडत नसे, कारण घरीही ते तेच करत.

साउंडवाल्याचा बाप आयुष्यभर आमच्या बागेत राबला. आंबे उतरवायची जाळीची काठी, झेला, घेऊन झाडावर चढायचा, तर आंब्याच्या देठालाही कळायचं नाही. मुलगा आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला, मग त्याने स्पीकर घेतले, मग मंडप, मग जनरेटर, मग टेम्पो. आता लांज्यापर्यंत त्याला आमंत्रणं असतात. आमच्या घराचं सगळं वायरिंग त्यानेच केलं. माजघर, स्वयंपाकघर, देवघरातला दिवा, वडिलांच्या खोलीतला पंखा, सगळीकडे त्याचा हात फिरलेला. पण काम संपलं की तो बाहेर जाऊन पडवीच्या पायरीवर बसायचा आणि चहा तिथे जायचा. त्याचा बापही त्याच पायरीवर बसत असे. कोणी त्याला तिथे बस म्हणून सांगितलं नव्हतं आणि कोणी आत ये असंही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात अपमान कधी कोणाचा होत नाही, सगळं न बोलता चालतं.

आमचं दोघांचंही बरंचसं न बोलताच चाललं होतं. लग्नाकार्यात तो स्पीकरपाशी आणि मी बायकांच्या घोळक्यात. मी समोरून गेले की तो सनईचा आवाज जरा वाढवायचा. गावाला वाटायचं, मशीन जुनं झालंय. मी शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'मॅडम, माइक टेस्ट करता का' म्हणून तो मला स्टेजवर बोलवायचा, आणि मी टेस्टिंग करत असताना इतकं मन लावून बटणं फिरवायचा की एकदा मुख्याध्यापक म्हणाले, आता पुरे, नाहीतर प्रमुख पाहुण्यांना उरायचा नाही आवाज. बाकी बोलणं मोबाइलवर. वर्षभर असं चाललं, आणि मग मुंबईचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, तक्रारीला जागा नव्हती, हीच पंचाईत. मुलाची मुंबईत नोकरी, स्वतःचा फ्लॅट, स्वभाव शांत. तो मला बघायला आला तेव्हा त्याने मला छंद विचारला आणि उत्तर ऐकायच्या आत फोन घेतला. वडिलांना तो पसंत पडला. ते म्हणाले, "उत्सव होऊंदे. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी होकार कळवतो." मी म्हटलं, मला विचार करायचाय. ते म्हणाले, "कर की. उत्सवापर्यंत वेळ आहे."

साउंडवाल्याचं नाव मी तोपर्यंत दोनदा काढून बघितलं होतं. पहिल्यांदा वडील म्हणाले, "मुलगा गुणाचा आहे," आणि पेपर वाचू लागले. दुसऱ्यांदा म्हणाले, "गुणाचा आहे म्हणून काय झालं?" आणि पेपर उलटा धरला. आई भाजी निवडत होती. ती काहीच म्हणाली नाही. आई सहसा काही म्हणत नाही. मला त्या दिवशी तिचा फार राग आला.

आता नाटकाचं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला आमचा उत्सव, आणि त्यात गावच्या मंडळाचं नाटक झालंच पाहिजे, नाहीतर देव रागावतो. देवापेक्षा नटच जास्त रागावतात, पण ते असो. त्या वर्षी नाटकातला नायक, खलनायक आणि प्रॉम्प्टर, तिघंही मुंबईला नोकरीत अडकले. रजा कोणालाच मिळेना. लांज्याहून ठरवलेल्या नटीला नको म्हणून कळवावं लागलं. उरले फक्त वडील. एकटा राजा रंगमंचावर किती वेळ ओरडणार?

उत्सव समितीची बैठक आमच्याच पडवीत झाली. चहा घेऊन मी बाहेर आले आणि अगदी साळसूदपणे म्हटलं, "सिनेमा दाखवला तर?" एक काका म्हणाले, सिनेमा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मी म्हटलं, हा नाही. हा खूप जुना, परदेशातला मूकपट, त्यात कोणी बोलत नाही, मधे मधे फक्त पाट्या येतात. त्या पाट्यांचं मराठी मी करते आणि आपले नट माइकवरून बोलतील. म्हणजे चित्रं त्यांची, आवाज आपला. "विनोदी आहे," मी म्हटलं, "आणि त्यात एका मोठ्या कारखानदाराचं काम आहे. सारखा ओरडतो."

वडिलांनी कप खाली ठेवला. "मोठं काम आहे काय?"

"शेवटपर्यंत आहे," मी म्हटलं. सिनेमा तिथेच पास झाला.

मूकपट मी इंटरनेटवर आठवडाभर धुंडाळून काढला होता. साबणाच्या कारखानदाराची मुलगी आणि घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवणारा पोरगा यांची गोष्ट. पोरगा खांद्यावर लादी घेऊन मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात जातो, पुढच्या दाराने मात्र त्याला प्रवेश नाही. मुलगी बर्फ नको असतानाही बर्फ मागवत राहते, इतका की घरातलं लोणीसुद्धा दगड होतं. मग घरी मोठी मेजवानी, पोरगा उसना कोट घालून येतो, सगळे त्याला कुठला तरी सरदार समजतात, आणि नेमका कोटाच्या खिशातून बर्फ उचलायचा लोखंडी आकडा खाली पडतो. बाप त्याला हाकलतो. शेवटी बाप स्वतःच बर्फाच्या गोदामात कोंडला जातो, मिशा गोठतात, पोरगा त्याला बाहेर काढतो आणि बाप मुलीचा हात त्याच्या हातात देतो. इतका सोयीचा सिनेमा शोधूनही सापडत नाही. मला सापडला, कारण मी शोधला.

भूमिका वाटताना मी काही बोलले नाही. कारखानदार वडील. मुलगी मी, कारण नटीला नको म्हणून कळवलेलं. नायकाचं काम पोस्टातल्या एका हौशी माणसाला द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात साउंडवाला डोकं खाजवत म्हणाला, "दोन माइक पुढे घेता येतील. तिसऱ्याची वायर आखूड आहे. तिसरा मशीनपासून हलायचा नाय. मशीनवर बसेल त्यालाच बोलावं लागेल." सगळ्यांनी वायर बघितली. वायर खरंच आखूड होती. आदल्या दिवशी ती लांब होती, हे फक्त मला ठाऊक होतं.

प्रॉम्प्टरचा प्रश्न राहिला. वडील आयुष्यात एकही नाटक पाठ न करता राजे झाले होते. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. खरं म्हणजे प्रॉम्प्टरपेक्षाही आईवर, कारण महिनाभर घरात तालीम चालायची ती तिच्यापुढे. ती चुलीपाशी बसून वाक्य सांगायची, ते अंगणात येरझारा घालत ते म्हणायचे. ती 'खबरदार' म्हणाली की ते 'खबरदार' म्हणायचे आणि वर दोन शब्द पदरचे घालायचे. पदरचं घातल्याशिवाय त्यांना वाक्य आपलं वाटत नसे. तेव्हा मूकपटालाही प्रॉम्प्टर आईच. वडिलांच्या खुर्चीमागे स्टूल टाकून, मोबाइलची बॅटरी पदराआड धरून ती बसणार असं ठरलं. बायको देवळात प्रॉम्प्टर बसलेली आमच्या गावाने आधी पाहिली नव्हती, पण अडला हरी, काय करणार?

तालमीत एक अडचण निघाली. पडद्यावरचे लोक बोलतात फार आणि पाटी येते एवढीशी. कारखानदार अर्धा मिनिट तोंड हलवतो, हात उडवतो, मिशा फुगवतो, आणि पाटी काय, तर 'चालता हो'. उरलेल्या वेळात वडिलांनी काय करायचं? गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. "भरायचं," ते म्हणाले. "तोंड हलतंय तोवर बोलायचं." आईकडे बघून म्हणाले, "तू सुचव हां." आईने मान हलवली.

आरती आटोपली तशी देवळासमोरच्या अंगणात मंडपात माणूस मावेना. खालच्या वस्तीतून, वरच्या वाडीतून, मुंबईहून रजा मिळालेले, रजा न मिळता आलेले, सगळे. पडदा देवाच्या समोरासमोर, म्हणजे देवालाही नीट दिसावं. उजवीकडे वडील खुर्चीत, बाजूला मी, मागे आई स्टुलावर. डावीकडे खांबापाशी मशीन, आणि मशीनवर तो, आखूड वायरीचा माइक तोंडाशी.

सुरुवातीला लोक बिचकले. मग बर्फवाला घसरून लादीसकट पायऱ्यांवरून खाली आला आणि मंडप खदखदला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकच शंका. "येवढा गोरा, आनी बर्फ वाहतो?" दुसरी म्हणाली, "गोरे काय सगळे साहेब असतत काय गो?" ही समाजशास्त्राची चर्चा मेजवानी येईपर्यंत चालू होती. वडील रंगात आले होते. एकेका पाटीचं ते पान करत होते. साबणाचा कारखानदार मधेच आंब्याच्या भावावर बोलला, फवारणीच्या औषधाबद्दल सरकारला दोन शब्द सुनावले, लोकांनी टाळ्या दिल्या. पडद्यावरचा बिचारा पाहुण्यांना सूप वाढत होता.

माझी वाक्यं मी साधीच लिहिली होती. 'आज बर्फ उशिरा का आणलास?' 'वाट बघायची सवय नाही मला.' मी ती म्हटली आणि डावीकडे न बघायचा प्रयत्न केला. तो मात्र पाटीवर नाही ते बोलू लागला. मुलगी नायकाला विचारते, तुला भीती नाही वाटत? पाटी होती, 'तुझ्यासाठी नाही.' ती त्याने म्हटली. पण पडद्यावरच्या पोराचं तोंड अजून हलत होतं, तोंड हलतंय तोवर बोलायचं असा नियमच ठरलेला, तेव्हा तो पुढे म्हणाला, "तुमच्या घरातल्या सगळ्या खोल्या मला माहीत आहेत. दिवे मीच लावलेत. चहा मात्र मी अजून पायरीवरच पितो."

मंडपात कोणाला वाटलं असेल, बर्फवाला दिव्यांचंही काम करत असेल. काहींना काहीच वाटलं नाही. वडील माझ्याकडे न बघता माइककडे झुकले. पडद्यावर त्या प्रसंगात कारखानदार नव्हताच. तरी ते बोलले.

"आपली पायरी ओळखून राहा."

लोक हसले. हसायचंच वाक्य होतं ते, वडिलांनी म्हटलंही नाटकी आवाजात. पण पडद्यावरचा पोरगा बडबडत राहिला आणि मंडपात फक्त जनरेटर ऐकू येत राहिला. गावच्या आयुष्यात पहिल्यांदाच साउंडवाला गप्प झाला होता. मला रडू आलं. मी केलेल्या सगळ्या चलाखीची मला लाज वाटली नाही, पण ती फुकट गेली असं वाटलं. उद्या सकाळी मुंबईला फोन जाणार आणि सगळं संपणार.

मग आकडा पडला, हाकलाहाकली झाली, गोदाम झालं, मिशा गोठल्या. लोक गडबडा लोळत होते. नायकाची पुढची वाक्यं त्याने पाटीबरहुकूम म्हटली, एक शब्द जास्त नाही. वडीलही उतरलेले वाटले. शेवटचा प्रसंग आला. बर्फवाला कारखानदाराला पाठीवर घेऊन बाहेर येतो, मुलगी धावत येते, कारखानदार दोघांकडे बघतो, हात वर करतो आणि बोलू लागतो. पाटी आली, 'घेऊन जा हिला, पोरा.' चार शब्द. वडिलांनी ते म्हटले, अगदी कोरडेपणाने. पाटी गेली. आणि कारखानदार पुन्हा दिसू लागला, हात वर, तोंड चालूच. काही केल्या थांबेना. एवढं काय बोलत होता कोण जाणे. सगळं गाव वडिलांकडे बघत होतं. त्यांनी सवयीने मान किंचित मागे कलती केली, कान आईकडे. आई पुढे वाकली. तिने काय सांगितलं ते मला बाजूला असूनही ऐकू आलं नाही. चांगला प्रॉम्प्टर एकाच कानाला ऐकू जातो.

वडील उभे राहिले. हात जोडले. आणि ज्या आवाजात ते दरवर्षी देवाला गावाचं गाऱ्हाणं घालतात, त्याच आवाजात, त्याच चालीत सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या तुज्या पायाशी सगळी रयत गोळा झालीली आहे, म्हाराजा."

"होय म्हाराजा," मंडप म्हणाला. ठरवून कोणी म्हणत नाही ते. गाऱ्हाण्याचं वाक्य पडलं की आमच्याकडे तोंडातून ते निघतंच. तान्ही पोरं बोलायला शिकतात ती त्यावरच.

"ही माजी पोर. हिने ह्या पोराचा हात धरलान् हा, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ती मी त्येच्या पदरात घातली. दोघांचा संसार सुखाचा कर, काय आडवं-तिडवं येईल ते तुज्या पायाखाली घे, म्हाराजा."

"होय म्हाराजा." आता सगळं गाव उभं होतं, हात जोडून. गाऱ्हाणं संपलं की ढोल वाजतो, तसा खांबामागे टेकून बसलेल्या ढोलवाल्यांनी ढोल वाजवला. आणि वडील जन्माचे नट. 'ह्या पोराचा' म्हणताना नटाने हात कुठे करायचा? ज्याचा आवाज त्याच्याकडे. त्यांचा हात पडद्याकडे नव्हता, सरळ डावीकडे मशीनकडे होता. देव समोर होता. पडद्यावर 'समाप्त' आलं, तरी वडिलांचा हात तसाच राहिला.

त्यांचा चेहरा बदलला तो ढोल थांबल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचे काका लोक पडवीत हजर. वडील म्हणाले, "तो सिनेमा होता." एक काका म्हणाले, "सिनेमा होता, मान्य. पण होय आम्ही म्हटलं ते देवाला म्हटलं." दुसरे म्हणाले, "गाऱ्हाणं देवासमोर पडलं. आता मागे घ्यायचं तर त्यालाच विचारायला हवं." काकांच्या तोंडावर जो गंभीरपणा होता तो मला जरा जास्तच वाटला. त्यातल्या एकाची मिशी हलत होती.

वडील अंघोळ करून देवळात गेले, कौल लावायला. मागे आई, तिच्या मागे मी. गुरवाने देवाच्या मूर्तीला पाणी लावून दोन्ही अंगांना फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वडिलांनी विचारलं, "देवा, सिनेमात बोललो ते सिनेमातच राहूंदे. मला मोकळं करत असशील तर उजवी दे." आणि बसले. आम्हीही बसलो. पाकळ्या जिथल्या तिथे. बाहेर अंगणात साउंडवाला मंडपाच्या वायरी गुंडाळत होता, देवळाच्या पायरीवर बसून. त्याला आत काय चाललंय ते कळत असणार, पण तो वर बघत नव्हता.

उन्हं चढली. गुरव दोनदा गाऱ्हाणं घालून दमला. म्हणाला, "काका, देव काय बोलत नाय." वडिलांच्या फोनवर मुंबईचा नंबर वाजून बंद झाला. ते पाकळ्यांकडे बघत राहिले. त्या क्षणी मला त्यांची दया आली. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायला जड जात होतं.

तेव्हा आई बोलली.

"अहो, देवाला कशाला ताटकळत ठेवता? त्याने कुठे काय केलंय? गाऱ्हाणं मी सुचवलं."

"ठाऊक आहे मला," वडील म्हणाले.

"तुम्ही थांबू शकला असता."

"तू सांगितलंस आणि मी थांबलो, असं कधी झालंय?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण का गो?"

आईने पदर सारखा केला. "गेल्या वर्षीच्या दिवाळीला तो इन्व्हर्टर बसवायला आला होता. तुम्ही लांज्याला गेला होतात. मी म्हटलं, आत ये, फराळाला पाटावर बस. नाही बसला. म्हणाला, काका बस म्हणतील तेव्हा बसेन. आपल्या माघारी आपला मान ठेवतो तो. मुंबईच्याने आपल्या मुलीचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही. आणि काल भर मंडपात तुम्ही त्याला पायरी दाखवलीत. ते मला नाही आवडलं."

इतकी वाक्यं आईने एका दमात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मला तिचा राग आला होता, ती काही म्हणत नाही म्हणून. ती वर्षभर बघत होती, माझ्यापेक्षा जास्त.

वडिलांनी देवाला नमस्कार केला आणि गुरवाला म्हणाले, "काढ पाकळ्या." गुरव म्हणाला, काका, कौल पुरा नाय झाला. ते म्हणाले, "देवाला नंतर विचारू. आधी हिला विचारतो." आणि आईकडे मान कलती करून, अगदी कालच्यासारखी, म्हणाले, "जन्मभर तुझ्या वाक्यावर बोललो. तोंडघशी कधी पडलो नाही. आता पुढचं सांग."

आम्ही बाहेर आलो. साउंडवाला पायरीवरून उठला, वायरीचं वेटोळं हातात. रात्रभर जागा असल्यासारखे त्याचे डोळे झाले होते. वडील त्याच्यासमोर उभे राहिले, आई त्यांच्या खांद्यामागे. या वेळी तिने सांगितलेलं मला ऐकू आलं. तिने कोणापासून लपवलंच नाही.

"दुपारी जेवायला ये," आई म्हणाली. "आत, माजघरात, माझ्या पाटाशेजारी पाट मांडलाय."

वडिलांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता पदरचं घालणार, आंब्याचा भाव, सरकार, काहीतरी.

"दुपारी जेवायला ये," ते म्हणाले. "आत, माजघरात, माझ्या पाटाशेजारी पाट मांडलाय."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

गावभर आवाज पोचवणाऱ्या त्या माणसाने वायर खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि हात जोडून हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."